सूचना दोन रविवारी वाचली होती का?

मी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'वडील' आहे. बाहेर कुणाला हे सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडे नीट बघतो आणि मग जपून विचारतो, "वडील म्हणजे... कुणाचे?" प्रेसबिटेरियन मंडळीत कारभार पाहायला सभासद आपल्यातून जी माणसं निवडून देतात त्यांना वडील म्हणतात, मग तो पुरुष असो की बाई. ग्रीकमधला 'प्रेसबुतेरॉस' म्हणजे वयाने, मानाने मोठा. पंथाचं नावही त्यावरूनच पडलं. माझा मुलगा मला 'आई-वडील' म्हणतो. एकाच माणसात दोन्ही उरकलं म्हणून.

आठ वर्षं अशी वडीलकी झाल्यावर एका संध्याकाळी नामनिर्देशन समितीच्या निमंत्रकांचा फोन आला. प्रेसबिटरीच्या चिटणिसांची मुदत संपत होती, वयही झालं होतं, आणि समितीपुढे आलेल्या तीन नावांत माझं नाव होतं. मी विचारलं, "बाकीचे दोघे कोण?" ते म्हणाले, "ते सांगता येत नाही. आणि तुम्ही चिटणीस झालात तर तुम्हालाही असलं काही सांगता येणार नाही."

प्रेसबिटरी म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. प्रत्येक मंडळीचं एक वडीलमंडळ असतं. त्यात पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, आणि निवडलेले वडील. आसपासच्या अशा मंडळ्यांची मिळून एक प्रेसबिटरी, तिच्यावर सिनॉड आणि सगळ्यांत वर महासभा. आमच्याकडे बिशप नाही. एकट्या माणसाच्या हातात जवळजवळ काहीच नसतं, जो काही अधिकार आहे तो बसलेल्या सभेचा. सभा उठली की अधिकारही उठला. अध्यक्षाला मॉडरेटर म्हणतात आणि तो दर वर्षी बदलतो. चिटणीस मात्र वर्षानुवर्षं तोच असतो. इंग्रजीत 'स्टेटेड क्लार्क', आमच्या नियमावलीत 'चिटणीस', फोनवर 'सेक्रेटरी मॅडम'. दोन सभांच्या मधल्या तीन महिन्यांत पत्रं तोच लिहितो, कागद त्याच्याच कपाटात असतात, मागच्या वेळी काय ठरलं होतं हे त्यालाच माहीत असतं. म्हणून बाहेरच्यांना वाटतं, खरा कारभारी हाच. आतल्यांनाही कधीकधी तसं वाटतं. खुद्द चिटणिसाला तसं वाटू लागलं की मात्र मंडळ्यांचं काही खरं नाही.

मुलाखतीला मी अभ्यास करून गेले होते. नियमावली पाठ, हिशेबाचे नियम पाठ, पवित्र शास्त्रातले आधार वेगळ्या कागदावर. त्यातलं काहीच कुणी विचारलं नाही. समितीतल्या चौघांनी माझ्यापुढे वही ठेवली आणि एक खोटी सभा सुरू केली. विषय, पाळकांचं रिकामं पडलेलं घर भाड्याने द्यावं की नाही. दोघे तावातावाने भांडले. एकाने दुसऱ्याचा जुना हिशेब काढला. कुणीतरी उपसूचना मांडली, ती पडली, शेवटी मूळ ठराव मंजूर झाला. दहा मिनिटांत मी अडीच पानं भरली होती आणि एकही शब्द सुटला नाही म्हणून मनातून खूश होते.

मावळते चिटणीस कोपऱ्यात बसून होते. वयोवृद्ध पाळक, सगळे त्यांना 'पाळकबाबा' म्हणतात. त्यांनी वही मागून घेतली, खिशातून लाल पेन काढलं आणि ओळीमागून ओळ काट मारत गेले. उरल्या चार ओळी: ठराव काय, मांडला कुणी, उपसूचना नामंजूर, ठराव मंजूर. मी म्हटलं, "पण बाबा, ते जुन्या हिशेबाबद्दल बोलले ते?" ते म्हणाले, "ते दोघे येत्या रविवारी एकाच बाकावर प्रभुभोजन घेणार आहेत. काय ठरलं ते लिहायचं. कोण काय बोललं ते त्यांचं त्यांच्यापाशी."

हा नियम काही आमच्या मंडळीपुरता नाही, हे मला पुढे वाचनात आलं. अमेरिकी लष्करातले अभियंते हेन्री रॉबर्ट यांना १८६३ मध्ये एका बाप्टिस्ट चर्चमधल्या सभेचं अध्यक्षपद अचानक गळ्यात पडलं, सभा हाताबाहेर गेली, आणि त्या फजितीतून त्यांनी सभाशास्त्राचा अभ्यास सुरू करून १८७६ मध्ये पुस्तक छापलं. आज जगभरच्या संस्था ते उघडून बसतात. तिथेही इतिवृत्ताबद्दल हेच सांगितलंय की केलं काय ते लिहा, बोललं काय ते नको. एका चर्चमधल्या भांडणातून निघालेला हा नियम आता कंपन्यांच्या सभांनाही लागू पडतो, याची मला अजून गंमत वाटते.

पण खरं सांगू का, मला तेव्हाही तो नियम पूर्ण पटला नव्हता. ज्या धर्मसुधारकाकडून आमची परंपरा आली त्या कॅल्विनने जिनिव्हात १५४१ मध्ये मंडळीची घटना लिहिली. तीत पदं चार: पाळक, शिक्षक, वडील आणि सेवक. चिटणिसाचं नाव त्या चारांत नाही. पण पाळक आणि वडील मिळून दर आठवड्याला जी सभा भरायची तिच्यापाशी एक लेखनिक बसलेला होता, आणि १५४२ पासूनची त्याची बरीचशी दप्तरं आजही शाबूत आहेत. अक्षर इतकं घाईचं की ते लावायला तज्ज्ञ लागतात. त्याने कुणालाच लाल पेन लावलं नाही. कोण नवराबायको भांडले, कोण उपासनेला आलं नाही, कुणाला प्रभूची प्रार्थना लॅटिनमध्येच येते, सगळं लिहून ठेवलंय. चारशे ऐंशी वर्षांनी आपल्याला त्या गावातली माणसं दिसतात ती त्याच्या या वाचाळपणामुळे. हे मी पाळकबाबांना सांगितलं. ते म्हणाले, "दिसतात खरी. पण त्यांना कुणी विचारलं होतं का, दिसायचंय का म्हणून?"

निवड झाली. भाषण नाही, हार नाही. प्रेसबिटरीने हात वर केले, मॉडरेटरने मला समोर उभं करून प्रश्न विचारले आणि मी पद निष्ठेने सांभाळीन अशी शपथ घेतली. स्कॉटलंडच्या परंपरेत या शपथेला लॅटिनमध्ये 'दे फिदेली' म्हणतात. मग मी जाऊन टेबलाशी बसले आणि त्याच बैठकीत पुढचा विषय लिहायला घेतला.

दप्तर ताब्यात घ्यायला दोन दिवस लागले. एक लोखंडी कपाट, आवक-जावक रजिस्टरं, पाळकांची पटसूची, मंडळ्यांच्या जमिनींच्या कागदांच्या प्रती, जुन्या तक्रारींची मोहोरबंद पाकिटं, शिक्का. आणि पाळकबाबांची एक जाडजूड डायरी. तीत काही गुपित असेल म्हणून मी उत्सुकतेने उघडली. आत नुसत्या तारखा. अमक्या वडिलांची मुदत कधी संपते, तमक्या मंडळीचे हिशेब कधी यायला हवेत, कोणत्या समितीने अहवाल द्यायचा राहिलाय. "बारा आणे काम आठवण करून देण्याचं आहे," ते म्हणाले. "उरलेले चार आणे, आठवण करून दिल्याबद्दल शिव्या खाण्याचं."

फोन मात्र तारखांबद्दल येत नाहीत. फोन येतात ते "तेवढं बघा ना" म्हणून. पाळकाची बदली करा, पाळकाची बदली करू नका, गायनमंडळातल्या भांडणात एक पत्र टाका, आमचा ठराव जरा वर घ्या. एका मंडळीत पाळकांचं वेतन चार महिने थकलं होतं. ते स्वतः काही बोलले नाहीत, त्यांच्या पत्नीने मला फोन केला आणि "हे तुम्हाला मी सांगितलं असं म्हणू नका" हे तीनदा म्हणाल्या. माझ्या हातात काय होतं? एक पत्र. 'वार्षिक विवरणपत्रात वेतनाचा रकाना रिकामा आहे, कृपया भरून पाठवावा.' रकाना भरायचा तर वेतन द्यावं लागणार होतं. पंधरा दिवसांत फॉर्म आला, भरलेला. चिटणिसाची ताकद म्हणतात ती एवढीच, आणि ती वापरताना मला बरंही वाटलं आणि थोडी भीतीही वाटली.

पहिल्याच वर्षी मी तोंडावर आपटले. खालच्या सभेची इतिवृत्तं वरच्या सभेने दर वर्षी तपासायची, ही आमची जुनी पद्धत. वडीलमंडळांची प्रेसबिटरी तपासते, प्रेसबिटरीची सिनॉड. माझी वही सिनॉडकडून परत आली ती एका शेऱ्यासह: 'सभा प्रार्थनेने सुरू झाल्याची नोंद नाही.' आमच्यात प्रार्थनेने सभा नुसती सुरू होत नाही, ती प्रार्थनेनेच सभा बनते; त्याआधी ती खोलीत जमलेली माणसं असतात. आणि त्या दिवशी प्रार्थना झाली नव्हती असं नाही. एका ज्येष्ठ पाळकांनी अकरा मिनिटं केली होती. मी डोळे किलकिले करून घड्याळ बघितल्याचं मला पक्कं आठवतंय. लिहायची तेवढी राहिली. बरं, मंजूर झालेल्या इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही. पुढच्या सभेत दुरुस्तीचा ठराव, मग समासात तारीख घालून नोंद, खाली मॉडरेटरची आणि माझी सही. तो ठराव मला स्वतःलाच वाचून दाखवावा लागला.

मंडळ्यांच्या वह्या तपासायला मी हिंडते तेव्हा मला स्कॉटलंडचे धर्मसुधारक जॉन नॉक्स यांच्या काळातले सुपरिटेंडंट आठवतात. १५६० मध्ये स्कॉटलंडच्या मंडळीने बिशप नाकारले, पण हिंडून लक्ष ठेवणारं कुणीतरी हवंच होतं. म्हणून दहा सुपरिटेंडंट नेमायचं ठरलं. प्रत्यक्षात पाचच नेमले गेले. फेरीवर असताना त्यांनी एका जागी वीस-तीस दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही आणि आठवड्यातून तीनदा तरी उपदेश करायचा, असा दंडक होता. ऐषआरामी बिशपांची नवी आवृत्ती निघू नये ही धास्ती त्या कलमांतून सरळ दिसते. मला उपदेश करावा लागत नाही, हे मंडळ्यांचं नशीब.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते.

आमच्या एका मंडळीचे पाळक दुसरीकडे गेले. ही मंडळी मोठी, भांडकुदळ आणि प्रेमळ. पाळक हा आमच्यात स्थानिक मंडळीचा सभासद नसतो, तो प्रेसबिटरीचा सभासद. त्यामुळे त्याने राजीनामाही प्रेसबिटरीला द्यायचा आणि नव्याला बोलवायचं ते प्रेसबिटरीमार्फतच. या बोलावण्याला आम्ही पाचारण म्हणतो. आधी जागा रिकामी झाल्याचं रविवारी पुलपिटवरून जाहीर होतं. मग प्रेसबिटरी एक हंगामी मॉडरेटर नेमते, तोही बाहेरचा, म्हणजे जाणाऱ्या पाळकाची सावली निवडीवर पडायला नको. मंडळी आपल्यातून निवड समिती बनवते. समितीची माणसं दोघा-दोघांनी ठिकठिकाणी जाऊन मागच्या बाकावर बसून उपदेश ऐकून येतात. असं गुपचूप ऐकायला आलेली जोडी कुठल्याही मंडळीला पाच मिनिटांत ओळखू येते, तो भाग वेगळा.

शेवटी समिती एकच नाव पुढे करते. तो उमेदवार येऊन उपदेश करतो आणि उपासनेनंतर सभासद चिठ्ठ्यांवर 'होय' किंवा 'नाही' लिहितात. बहुमत झालं तर पाचारणाचा कागद प्रेसबिटरीकडे येतो, प्रेसबिटरी तो मान्य करते, मग नव्या पाळकाची पदावर स्थापना. या सगळ्यात माझं काम मतदारयादी तपासणं आणि कागद बिनचूक आहेत हे बघणं.

यादीचं प्रकरण लवकर मिटलं. एका आजोबांचा फोन आला, "मॅडम, मी मयत आहे असं तुमच्या यादीत लिहिलंय. तसं असेल तर मला कळवायला हवं होतं." नावासारखं नाव, चुलतभाऊ वारला होता, शेरा यांच्यापुढे पडला. त्यांना पुन्हा जिवंत करायला वडीलमंडळाचा एक ठराव लागला.

उमेदवार तरुण होता. मी त्याला दोनदा ऐकलं होतं आणि मला तो मनापासून आवडला होता. कमी बोलायचा, आजाऱ्यांच्या घरी जायचा, आणि उपदेशात स्वतःबद्दल काही सांगायचा नाही. ती मंडळी त्याच्या हाताखाली शांत होईल असं मला वाटत होतं. हे मी कुणापाशीही बोलले नव्हते, पण मनात होतंच.

मतदानाचा रविवार आला. मंदिर गच्च भरलेलं, मागे खुर्च्या टाकलेल्या. मी मतपत्रिकांचं पाकीट घेऊन पाळकांच्या खोलीत गेले. हंगामी मॉडरेटर झगा चढवत होते. तिथल्या वडीलमंडळाच्या चिटणीसबाईंनी सूचनांची वही माझ्यापुढे ठेवली. आमची नियमावली सांगते की पाचारणाच्या सभेची सूचना सलग दोन रविवारी उपासनेत वाचायची आणि वाचणाऱ्याने वहीत सही करायची. मी पान उघडलं. गेल्या रविवारची सही होती. त्याच्या आधीच्या रविवारची जागा कोरी.

"इथे सही राहिली का?" मी विचारलं.

बाईंचा चेहरा पडला. त्या रविवारी उपदेशाला पाहुणे आले होते. त्यांनी सूचनांचा कागद पुलपिटवर तसाच ठेवला आणि आशीर्वाद देऊन मोकळे झाले. "पण सगळ्यांना माहीत होतं हो," बाई म्हणाल्या. "व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, दारावर चिकटवलं. बघा तर किती माणसं आलीत."

हंगामी मॉडरेटर माझ्याकडे बघत होते. निर्णय त्यांचा. चिटणिसाने नियम काय ते सांगायचं, ठरवायचं खुर्चीने. त्यांनी हळूच विचारलं, "कुणी हरकत घेईल असं वाटतं?" मी म्हटलं, "आज नाही घेणार." आज कुणीच घेतली नसती. पण महिन्याभराने एकाने जरी तक्रार केली, तरी प्रेसबिटरीला तो कागद मान्य करता आला नसता, आणि तोवर त्या तरुणाने आपली मंडळी सोडलेली असती, घर हलवलेलं असतं. मी हे सगळं सांगितलं. बाहेर पहिलं गीत सुरू झालं होतं. ते थोडा वेळ झग्याची गुंडी धरून उभे राहिले आणि म्हणाले, "मग आज मतदान नाही. लिहून द्या, काय वाचू ते."

मी टेबलावरच्या कागदावर एक ओळ लिहिली: 'तांत्रिक कारणास्तव आजची पाचारणाची सभा दोन आठवडे पुढे ढकलण्यात येत आहे.'

'तांत्रिक कारणास्तव.' लिहिताना मला वाटलं, ठीक आहे, थोडक्यात आहे. पाहुण्या पाळकांची विसरभोळेपणाबद्दल सगळ्यांदेखत शोभा नको, चिटणीसबाई तर रडायच्या बेतात होत्या. लाल पेनाने मला हेच तर शिकवलं होतं. माणसं वगळायची.

उमेदवाराने उपदेश केला. चांगला केला. मग ती ओळ वाचली गेली आणि मंदिरात असा काही आवाज झाला की मी मान वर केली नाही.

त्या दोन आठवड्यांत काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. तांत्रिक म्हणजे काय, हे कुणालाच माहीत नसल्यामुळे ज्याने त्याने आपल्या कुवतीप्रमाणे ती जागा भरली. कुणी म्हणालं, पदवीच्या कागदात काहीतरी आहे. कुणी म्हणालं, आधीच्या मंडळीत पैशांचं प्रकरण झालंय, प्रेसबिटरीला ऐन वेळी कळलं, म्हणून तर खुद्द चिटणीसच आली होती. मी तिथे असणं हाच पुरावा झाला. खरं तर मी फक्त मतपत्रिका घेऊन गेले होते.

हे कानावर आलं तेव्हा मी पाळकबाबांकडे धावले. मला वाटलं, ते म्हणतील, लोक बोलतातच. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली आणि विचारलं, "कारण कुठाय?"

"वगळलं. कुणाची नाचक्की नको म्हणून."

"नाचक्की कुणाची? सूचना एकदाच वाचली गेली, यात कुणाचं नाव येतं?"

मी गप्प बसले. 'सूचना एका रविवारी वाचायची राहिल्यामुळे.' पाच-सहा शब्द. कुणाचं नाव नाही, कुणावर ठपका नाही. त्यांनी मला कोण बोललं ते वगळायला शिकवलं होतं, का ठरलं ते वगळायला नव्हे. मी दोन्हींवर एकच काट मारली.

मी हंगामी मॉडरेटरांना सांगून पुढच्या रविवारी खुलासा वाचायला दिला. वाचला गेला. पण उशिरा आलेला खुलासा सारवासारवीसारखा वाटतो, आणि ज्यांना कुजबुज आवडली होती त्यांनी ती सोडली नाही. मतदान झालं. सूचना दोनदा वाचलेली, यादी बिनचूक, चिठ्ठ्या दोघांनी वेगवेगळ्या मोजल्या. बहुमत 'होय'कडे होतं. पण दर पाच जणांत दोघांनी 'नाही' लिहिलं होतं. नियमाने पाचारण झालं. चौथ्या दिवशी उमेदवाराचं पत्र आलं, माझ्याच नावे, कारण अशी पत्रं चिटणिसाच्याच नावे येतात. त्याने आभार मानले होते आणि लिहिलं होतं की इतक्या जणांना नको असताना सुरुवात करण्याचं बळ आपल्यापाशी नाही. मी त्यावर आवक क्रमांक घातला.

संध्याकाळी चिटणीसबाईंचा फोन. "झालं समाधान? तुमच्या नियमाने आमचा पाळक गेला." मी म्हणणार होते की नियमाने नाही, माझ्या दोन शब्दांनी गेला. पण तेही अर्धवटच झालं असतं. मतदान त्याच दिवशी झालं असतं तर तो नक्की निवडून आला असता, हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. मी फक्त "मी वडीलमंडळापुढे येऊन सांगते" एवढंच म्हटलं. गेले, उभं राहून सांगितलं की त्या रविवारी वाचलेली ओळ माझी होती आणि ती चुकीची होती. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या इतिवृत्तात ते एका ओळीत आलंय, 'प्रेसबिटरीच्या चिटणिसांनी निवेदन केले.' निवेदन काय केलं, ते वगळलंय. वह्या तपासताना मी त्या ओळीपाशी थांबले, पण त्यावर शेरा मारायला मला तोंड नव्हतं.

सभा पुढे ढकलायला सांगितलं ते चूक होतं का, यावर मी पुष्कळ रात्री घालवल्या. अजूनही मला ते बरोबरच वाटतं. पण त्या मंडळीतल्या लोकांना तसं वाटावं अशी माझी अपेक्षा नाही.

त्या दिवसांत मी बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक पुन्हा काढून वाचलं. पंधराव्या अध्यायात यरुशलेमेतली पहिली मोठी सभा आहे. परराष्ट्रीयांतून, म्हणजे यहूदी नसलेल्यांतून, आलेल्या शिष्यांना सुंता सक्तीची करायची की नाही, यावर पुष्कळ वादविवाद झाला असं एका वाक्यात म्हटलंय. मग पेत्र बोलतो, बर्णबा आणि पौल बोलतात, याकोब समारोप करतो आणि निर्णयाचं पत्र लिहिलं जातं. पत्र कुणी लिहिलं, त्याचं नाव नाही. पण मला या वेळी वेगळंच दिसलं. पत्र नुसतं पाठवलं नाही. सोबत यहूदा आणि सीला यांना पाठवलं, तेच तोंडीही सांगायला. आणि पत्राच्या सुरुवातीलाच कारण लिहिलंय: आमच्यातल्या काहींनी, आम्ही सांगितलं नसताना, तुम्हाला घोळात टाकलं. नावं नाहीत. कारण आहे. इतक्यांदा वाचलेला अध्याय, पण पत्र म्हणून मी तो कधी वाचलाच नव्हता.

आणखी एक लेखनिक आहे पवित्र शास्त्रात, तो मला फार आवडतो. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात, पौल सलाम सांगत असताना मध्येच एक जण म्हणतो की हे पत्र लिहून घेणारा मी तर्तियस, माझाही तुम्हाला सलाम. सोळा अध्याय मान खाली घालून लिहिले आणि एक वाक्य स्वतःचं घुसवलं. पौलाने ते कापलं नाही.

त्या मंडळीची जागा पुढे अकरा महिने रिकामी राहिली. नवी समिती, नवं नाव, पुन्हा मागच्या बाकावरच्या जोड्या. या वेळी उमेदवार एक मध्यमवयीन पाळकबाई होत्या. मी मतपत्रिका घेऊन गेले तेव्हा खोलीत तेच टेबल, तेच हंगामी मॉडरेटर. चिटणीसबाई माझ्याशी मोजकंच बोलत होत्या. मी विचारायच्या आत त्यांनी सूचनांची वही आणून माझ्यापुढे उघडली आणि पानावर बोट ठेवलं. एका सहीच्या जागी तीन-तीन सह्या होत्या. दोन्ही रविवारी वाचणाऱ्याची, शिवाय दोन वडिलांची साक्षीदार म्हणून, आणि प्रत्येक सहीपुढे वेळ. नियमावलीत साक्षीदार कुठेच सांगितलेले नाहीत.

"बघून घ्या नीट," त्या म्हणाल्या.

मी बघितलं. दोन्ही तारखा कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. त्या शेजारी उभ्याच होत्या. मग मी खाली सही केली आणि तारखेपुढे वेळही घातली.